खिडकी उघडी ठेवली तरी जनरेटर घराबाहेर, दूरच हवा

‘खिडक्या उघड्या असतील आणि धुराचा वास येत नसेल, तर जनरेटर गॅलरीत किंवा जिन्याखाली चालवायला हरकत नाही,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खरा नाही.

इंधन जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, असे म्हणता येत नाही. हा वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. नागपुरात तर उघडी खिडकीच घातक ठरू शकते, कारण तिथे बसवलेला कूलर बाहेरची हवा, आणि जनरेटर जवळ असल्यास त्याचा धूरही, थेट खोलीत ओढतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही विषबाधेची लक्षणे मे महिन्यात ऊन लागल्याचीच वाटतात, ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते.

पडताळणीसाठी जनरेटरच्या माहितीपुस्तिकेतील इशारा वाचावा आणि झोपण्याच्या खोलीजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावावा. जागा ठरवताना दारे, खिडक्या व कूलरपासून, शेजाऱ्यांच्याही, किमान २० फूट अंतर ठेवून धुराड्याचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करावे.