रात्री झडप बंद केली की लाकूड वाचतं?

उत्तर अमेरिकेच्या थंड भागात घर गरम ठेवायला लाकडावर चालणारी फर्नेस, म्हणजे भट्टी, वापरणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलाय: झोपताना भट्टी ठासून भरा, हवेची झडप बंद करा, लाकूड सकाळपर्यंत पुरतं. आग धुमसत राहते हे खरं, पण लाकूड वायाच जातं. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्यातून निघणाऱ्या वायूंमध्ये असते. ते पेटायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा लागते. हवा तोडली की ते न जळताच वर जातात आणि धुराडं १२० अंशांखाली गेलं की आतल्या भिंतीवर डांबर होऊन थिजतात. काळं, चकचकीत, खरवडूनही सहज न निघणारं. धुराड्याला आग लागते ती यामुळेच.

लाकडात ओलावा २० टक्क्यांहून कमी हवा. नवं लाकूड घातल्यावर झडप १५-२० मिनिटं पूर्ण उघडी ठेवा, कडा कोळशासारख्या काळ्या झाल्या की टप्प्याटप्प्याने कमी करा. ज्वाळा सुस्त, धुरकट दिसल्या तर किंचित उघडा. रात्रीसाठी जाड, कडक लाकडाचे ओंडके घाला.

दार उघडण्याआधी मात्र झडप उघडून मिनिटभर थांबाच. कोंडलेला वायू भपकन पेटून थेट चेहऱ्यावर येतो.