पंधराचा खेळ

परवा दहा वर्षांच्या भाचीबरोबर एक खेळ मांडला. १ ते ९ आकड्यांच्या नऊ चिठ्ठ्या, आळीपाळीने एकेक उचलायची. ज्याच्याकडच्या कुठल्याही तीन चिठ्ठ्यांची बेरीज १५ होईल, तो जिंकला. मी ५ उचलला, तिने ९. मी ८ घेतला. आता मला २ मिळाला की संपलं, हे तिने बोटं मोजून ओळखलं आणि २ पळवला. तिचे ९ आणि २ झाले म्हणून मी ४ अडवला. आता मला ६ चालत होता आणि ३ही. ती अडवणार एकच. ‘मामा, चीटिंग!’

चीटिंग नव्हतं, पण थोडी लबाडी होतीच. ती बेरजा करत होती आणि मी मनातल्या मनात हा चौकोन बघत होतो:

८ १ ६
३ ५ ७
४ ९ २

उभी, आडवी, तिरपी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज १५. तीन वेगळ्या आकड्यांनी १५ करायच्या सगळ्या म्हणजे आठही रीती या आठ ओळींत येतात. थोडक्यात, हा फुल्लीगोळाच! मी मधलं घर धरलं, ती कोपरा सोडून कडेच्या मधल्या घरात गेली, तिथेच डाव फिरला. चौकोन दाखवल्यावर पुढच्या डावात तिने माझ्या ५ वर मुकाट्याने ८ उचलला आणि बरोबरी केली. तिचं गणित पाच मिनिटांत काही सुधारलं नव्हतं.

अर्थशास्त्राचं १९७८ चं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन हेच उदाहरण देत. प्रश्न डोक्यात कसा मांडलाय, त्यावर तो सोपा की अवघड हे ठरतं. या मांडणीला मानसशास्त्रात ‘मानसिक प्रतिरूप’ असा भारदस्त शब्द आहे. मला ‘मांडणी’ पुरतो.

खेळात हरलं तर फार बिघडत नाही. दवाखान्यात बिघडतं. एक जुना प्रश्न बघा: १ टक्का बायकांना स्तनांचा कॅन्सर आहे. तो असेल तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, ८० टक्के वेळा पकडते. नसेल तरी ९.६ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह येते. एकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तिला कॅन्सर असण्याची शक्यता किती? अमेरिकेत डेव्हिड एडी या डॉक्टरांनी १९८२ साली लिहिलं, की शंभरातल्या ९५ डॉक्टरांनी ७५ टक्क्यांच्या आसपास उत्तर दिलं.

आता टक्के सोडा, बायका मोजा. एक हजार जणी. दहा जणींना कॅन्सर, त्यातल्या आठ पॉझिटिव्ह. उरलेल्या ९९० पैकी सुमारे ९५ जणी उगाचच पॉझिटिव्ह. म्हणजे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या १०३ जणींत खरा आजार आठ जणींना. शेकडा आठच!

गोची अशी, की ८० टक्के हे आजारी बायकांचे आणि ९.६ टक्के हे धडधाकट बायकांचे. हे दोन गट आकाराने एकमेकांच्या जवळपासही नाहीत, पण टक्क्यांत आणले की दोघांचेही शंभरच दिसतात. डोकी मोजली की लहान गट लहानच राहतो. ‘दोन रुपये शेकडा’ व्याज म्हणताना आपल्याकडे निदान कशाचे शंभर ते ठाऊक असायचं. टक्क्यांत तेच हरवतं.

गेर्ड गिगेरेन्झर आणि उलरिश हॉफ्राग या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये असे प्रश्न लोकांना दोन्ही तऱ्हांनी घातले. टक्क्यांत १६ टक्के उत्तरं बरोबर आली, मोजणीत ४६. म्हणजे मोजून दिलं तरी निम्म्याहून जास्त उत्तरं चुकलीच. मांडणी बदलली की सगळंच सुटतं, असं म्हणायला मी तरी धजावणार नाही.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये इशारा निघाला, की नव्या धाटणीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठी होण्याचा धोका दुप्पट होतो. पेपरांनी ‘१०० टक्के वाढ’ छापलं. बायकांनी धास्तीने गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ हजार जास्तीचे गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. आधी सात हजार बायकांत एकीला गाठ होत होती, नव्या गोळ्यांनी दोघींना.