कॉन्स्टन्स बेकर मॉटली : वकिलीच्या आधीची वर्षे

अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाने कृष्णवर्णीय म्हणून नाकारलेल्या जेम्स मेरेडिथ यांना १९६२ साली कोर्टातून प्रवेश मिळवून दिला, तो कृष्णवर्णीय वकील कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी खुद्द त्यांच्याच कॉलेजच्या फीची सोय नव्हती.

जन्म १४ सप्टेंबर १९२१ चा, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. बारा भावंडांत ही नववी. वडील येल विद्यापीठाच्या विद्यार्थी-मंडळांत स्वयंपाक करायचे. येल गावातच होते, पण या घराचा त्याच्याशी संबंध भटारखान्यापुरता.

शाळेत असताना त्यांनी जॉर्ज क्रॉफर्ड या कृष्णवर्णीय वकिलांचे एक भाषण ऐकले. विषय होता १९३८ चा गेन्स खटला. लॉइड गेन्स यांना मिसुरीच्या लॉ स्कूलने वर्णामुळे नाकारले होते. राज्याने त्यांना राज्यातच समान शिक्षण दिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. कॉन्स्टन्सच्या मनात वकिलीने घर केले ते इथे. आईचे मत मात्र मुलीने केशभूषेचे काम शिकावे असे होते.

१९३९ मध्ये शाळा संपली आणि पुढचा रस्ता बंद झाला. एका सरकारी योजनेत खुर्च्यांना पॉलिश करण्याचे काम त्या करू लागल्या. मग न्यू हेवनच्याच डिक्सवेल या कृष्णवर्णीय वस्तीतल्या समाजकेंद्राची एक सभा झाली. केंद्राच्या कारभारात कृष्णवर्णीयांना स्थानच नाही, म्हणून लोक इकडे फिरकत नाहीत, असे या मुलीने भर सभेत सांगितले. केंद्राला पैसा पुरवणारे गोरे उद्योजक क्लॅरेन्स ब्लेकस्ली समोरच बसलेले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी तिला बोलावून घेतले, आणि वकील व्हायचे आहे हे कळल्यावर सगळ्या शिक्षणाचा खर्च उचलला. ज्याच्या पैशावर केंद्र चालते त्याच्यासमोर खरे बोलायला केवढी हिंमत लागली असेल!

१९४१ मध्ये त्या दक्षिणेतल्या नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात रेल्वेने निघाल्या. वाटेत सिनसिनाटीला त्यांना कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या डब्यात बसवले गेले; दक्षिणेची ही पहिली ओळख. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातून १९४३ मध्ये अर्थशास्त्राची पदवी, आणि १९४६ मध्ये कोलंबियातून कायद्याची. बाबासाहेब आंबेडकर तीस वर्षांपूर्वी शिकले तेच हे कोलंबिया. शिकत असतानाच, १९४५ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे खटले लढवणारे वकील थरगूड मार्शल यांनी त्यांना आपल्या कार्यालयात घेतले.

लॉइड गेन्स १९३९ मध्ये शिकागोत बेपत्ता झाले. लॉ स्कूलमध्ये त्यांनी पाऊल ठेवलेच नाही. मेरेडिथ मात्र १९६३ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीची पदवी घेऊन बाहेर पडले.