पार्श्वभूमी : ‘अंगा’त अडकलेले तीन शब्द

पणजीत अपंग व्यक्तींसाठीचा पहिला पर्पल फेस्ट जानेवारी २०२३मध्ये भरला. २०२४मध्ये तो आंतरराष्ट्रीय झाला, ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा झाला. त्याच्या मराठी बातम्या वाचताना एक गोष्ट खटकत राहते. मथळ्यात ‘दिव्यांग’, मजकुरात ‘विशेष व्यक्ती’, छायाचित्राखाली ‘अपंग’. त्याच कार्यक्रमाच्या इंग्रजी बातमीत ‘पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज’ हा एकच शब्दप्रयोग वरपासून खालपर्यंत चालतो. दोष उपसंपादकाच्या माथी मारता येईल, पण तो त्याचा एकट्याचा नाही. त्याच्या टेबलावर चार-पाच दशकांचे शब्द एकाच वेळी येऊन पडले आहेत आणि कोणता जुना झाला, कोणता अजून चालतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

गोव्यातल्या मराठी वाचकाची अडचण तर दुप्पट. घरात आणि अंगणात तो कोकणी बोलतो. तिथे कुड्डो (आंधळा), मोनो (मुका), थोंटो (हातापायाने अधू), पिसो (वेडा) असे शब्द आहेत. ते शिवी म्हणूनही येतात आणि नुसती ओळख म्हणूनही, ‘तो वयलो कुड्डो’ म्हणजे वरच्या वाड्यावरचा. लिहायला बसला की तोच माणूस मराठीत ‘दृष्टिहीन’ लिहितो. आणि पेन्शनचा अर्ज भरायचा तर पुढ्यात इंग्रजी रकाना. शिवी एका भाषेत, सहानुभूती दुसऱ्या भाषेत आणि हक्क तिसऱ्या. सासष्टीतल्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे यांत ‘कोयताद’ची भर पडते. मूळ पोर्तुगीज, अर्थ ‘बिचारा’. ज्यांना तो ऐकावा लागतो त्यांच्यातले काही जण सांगतात की पिसो परवडला, कोयताद नको.

मराठीत सभ्यपणाची एक ठरलेली वाट आहे : संस्कृतकडे चढायचं. ‘आंधळा’ आणि ‘अंध’ हे एकाच घरातले. एक प्राकृताच्या धुळीतून चालत आला, दुसरा थेट ग्रंथातून उचलला. अर्थ तोच, पण पहिला तोंडावर म्हटला तर अपमान आणि दुसरा संस्थेच्या पाटीवर शोभतो. बहिरा-बधिर, मुका-मूक यांचंही तसंच. ‘मूकबधिर’वर आक्षेप आला, कारण बहुतेक कर्णबधिर माणसांच्या कंठात काहीच बिघाड नसतो, ऐकू न आल्यामुळे बोलणं फुटत नाही इतकंच, आणि खुणांच्या भाषेत तर ती भडाभडा बोलतात. म्हणून मग ‘कर्णबधिर’. (कानाखेरीज आणखी कशाने बधिर होतात, असा खोचक प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार.) ‘महारोगी’चा ‘कुष्ठरुग्ण’ झाला तोही याच शिडीने.

व्याकरणातही एक खोच आहे. ‘वेडं’, ‘आंधळं’, ‘मतिमंद आहे ते’ अशी नपुंसकलिंगी रूपं लहान मुलाबाबत लाडाने वापरतात. पण बौद्धिक अक्षमता असलेला माणूस चाळीस वर्षांचा झाला तरी त्याचं ‘ते’ सुटत नाही. हा अपमान कुठल्याच यादीत येत नाही, कारण तो शब्दात नसून प्रत्ययात आहे.

म्हणींबद्दल फार लिहायला नको. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, वासरात लंगडी गाय शहाणी. या सगळ्यांना पाठ आहेत. जत्रेतल्या नाटकाबद्दल मात्र लिहायला हवं. फोंडा, पेडणे, डिचोलीकडे देवळाच्या आवारात रात्रभर चालणाऱ्या मराठी नाटकांत तोतरा नोकर आणि बहिरा म्हातारा ही हुकमी पात्रं होती. पहाटे दोन वाजता पेंगणारं प्रेक्षागृह जागं करायचं असेल तर बहिऱ्याला रंगमंचावर आणायचं. लेखकाने संवाद दिले नसले तर नट पदरचे घालायचे. हसणाऱ्यांत गावातला खराखुरा बहिराही पुढे बसलेला असे, आणि तो का हसतोय हे त्याला शेजाऱ्याने खुणेने सांगितलेलं असे. हे दृश्य मी पाहिलेलं आहे, आणि त्यावर काय म्हणावं हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

पोर्तुगीज काळातली कागदपत्रं सहसा या चर्चेत येत नाहीत. यायला हवीत. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७०पासून लागू झाला. स्वतःचा व्यवहार पाहण्यास असमर्थ ठरवून ज्यांचे हक्क गोठवायचे, त्यांच्यासाठी त्यात ‘मेंतेकाप्तो’ हा शब्द आहे. म्हणजे मती हरवलेला. ‘सुर्दो-मुदो’ म्हणजे मूकबधिरांसाठी वेगळं कलम, मालमत्ता सांभाळण्याइतकी क्षमता नसेल तर त्यांच्यावर पालक नेमण्याचं. पुढे १९१०च्या घटस्फोट कायद्यात किमान तीन वर्षांचं असाध्य वेड आणि असाध्य संसर्गजन्य रोग ही कारणं आली. यांतला कुठलाच शब्द तेव्हा शिवी नव्हता. ती कायद्याची स्वच्छ, थंड भाषा होती, आणि तिने जे केलं ते चव्हाट्यावरच्या कुठल्याही शिवीला जमलं नसतं : माणसाची सही रद्द केली. मनोरुग्णालय तेव्हा पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर होतं, पुढे ते बांबोळीला गेलं. महाराष्ट्रात येरवडा किंवा ठाणे म्हणून चिडवतात तसं इथे एका पिढीने आल्तिनो म्हटलं, पुढच्या पिढीने बांबोळी. इमारत हलली की टोमणाही पत्ता बदलतो.

१९६१नंतर गोव्यात भारतीय कायदे आले आणि त्यांच्याबरोबर हिंदी-मराठी सरकारी शब्दावली. ‘अपंग’ हा शब्द याच काळात पक्का झाला. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळलं गेलं आणि विशेष शाळांकडे लोकांचं लक्ष गेलं. आमच्या वेळी अशाच एका शाळेचं नाव वर्गातल्या वर्गात शिवी म्हणून फिरत असे. शाळा चांगली होती, शिवी आमची होती. १९९५च्या केंद्रीय कायद्याने अपंगत्वाच्या सात प्रकारांना मान्यता दिली, त्यांतल्या एकाचं इंग्रजी नाव ‘मेंटल रिटार्डेशन’ असं होतं. मराठीत ते ‘मतिमंदत्व’ झालं आणि पाच-सहा वर्षांत ‘मतिमंद’ क्रिकेटच्या मैदानावर पोचला.

रकान्यातल्या शब्दाने काय होतं ते जनगणनेत दिसतं. २००१मध्ये गोव्यात १५,७४९ अपंग व्यक्तींची नोंद झाली, २०११मध्ये ३३,०१२. दहा वर्षांत माणसं दुपटीने अपंग झाली नाहीत. प्रश्नाची भाषा बदलली, प्रकार पाचाचे आठ झाले, हे त्यामागचं मोठं कारण. कुटुंबातल्या माणसाला कोणत्या नावाने विचारलं जातंय यावर घरातले ‘हो’ म्हणतात की दार लोटतात ते ठरतं.

आता ‘दिव्यांग’. २७ डिसेंबर २०१५ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी हा शब्द सुचवला. त्यांचं म्हणणं असं की आपली नजर माणसात काय कमी आहे तिकडे जाते, पण त्याच्याकडे एखादी जास्तीची शक्ती असते. काही आठवड्यांतच देशभरातल्या अनेक संघटनांनी पत्र लिहून विरोध कळवला : अपंगत्व ही दैवी देणगी नाही आणि नाव बदलल्याने भेदभाव जात नाही. मे २०१६मध्ये केंद्रातल्या संबंधित विभागाचं हिंदी नाव तरीही बदललं. इंग्रजी नाव जसंच्या तसं राहिलं.

ही बारीक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिसेंबर २०१६मध्ये संसदेने अधिकारांचा नवा कायदा केला आणि योगायोगाने २७ डिसेंबरलाच, त्या भाषणाला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या इंग्रजी मजकुरात ‘दिव्यांग’ कुठेच नाही. तिथे व्यक्ती आधी आणि अपंगत्व नंतर. शिवाय अपंगत्वाची व्याख्याच अशी की शरीर-मनातली उणीव आणि समोरचे अडथळे या दोहोंच्या टकरीतून ते घडतं. म्हणजे अर्धं अपंगत्व जिन्यात असतं. हिंदी-मराठीत हाच कायदा ‘दिव्यांग’ नावाने ओळखला जातो, आणि त्या नावातून जिना गायब आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला एक कायदा मिळाला, मराठी वाचणाऱ्याला दुसरा.

शब्दाची फोड करून पाहा. अपंग, विकलांग, दिव्यांग : तिन्ही शब्द ‘अंगा’शी येऊन थांबतात. एकात अंग नाही, दुसऱ्यात बिघडलेलं आहे, तिसऱ्यात अलौकिक आहे. पण २०१६च्या कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले. त्यांत स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया आहे. रक्ताच्या विकाराला दिव्य अंग कसं म्हणायचं? आणि मराठीत ‘दिव्य’ला आणखी एक अर्थ आहे, तो सुचवणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा. पेशवाईपर्यंत वतनाच्या तंट्यांत उकळत्या तेलातून रवा म्हणजे धातूचा तुकडा हाताने काढून खरेपणा सिद्ध करावा लागे, त्याला दिव्य म्हणत. सवलतींसाठी लागणारा किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला मिळवण्यासाठी ज्याने तीनदा वैद्यकीय मंडळाच्या पायऱ्या चढल्या आहेत, त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

समर्थकांची बाजूही आहे, आणि ती पोकळ नाही. सत्तरीतल्या एखाद्या आईला ‘तुझा अपंग मुलगा’पेक्षा ‘दिव्यांग’ ऐकायला बरं वाटतं. ‘अपंग’चा घाव ज्यांनी आयुष्यभर सोसला त्यांना नवा शब्द हवासा वाटला तर त्यात चूक काय? पण असं बरं वाटणं आपण याआधीही पाहिलेलं आहे. अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हटलं गेलं तेव्हा हेतूबद्दल फारशी शंका नव्हती, तरी ज्यांचं नाव होतं त्यांनीच ते नाकारलं. २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने भारताचा आढावा घेताना ‘दिव्यांगजन’ वादग्रस्त असल्याची नोंद केली. इकडे परिणाम इतकाच की शब्द राहिला. शेजारच्या महाराष्ट्रात डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निघाला, गोव्यातली मराठी वृत्तपत्रंही बहुतेक ‘दिव्यांग’वर स्थिरावली. आणि शाळेच्या मैदानावर झेल सुटला की ‘दिव्यांग काय रे?’ असं ओरडताना मी ऐकलं आहे. ‘मतिमंद’ला जितकी वर्षं लागली तितकीही याला लागली नाहीत.

या नामकरणाच्या गडबडीत त्याच कायद्यातलं ९२वं कलम झाकलं गेलं. लोकांच्या देखत, मानहानी करण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला किंवा तिला धमकावलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. १९९५च्या कायद्यात असं काही नव्हतं. नवा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, हे कलम फारच थोड्यांना.

जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेत अपंग व्यक्तींच्या पडद्यावरच्या चित्रणावर सविस्तर मत दिलं. चित्रपटावर बंदी घातली नाही. पण पडद्यावरच्या भाषेसाठी चौकट घालून दिली : हिणवणारे जुने शब्द टाळा, ‘पीडित’, ‘ग्रस्त’ अशी दुःख चिकटवणारी भाषाही टाळा, आणि विनोदाचे दोन प्रकार ओळखा. एक विनोद अपंगत्वाचा अनुभव समजून घेऊन केलेला, दुसरा माणसाला अधिक अपंग करणारा. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायालयाने या विषयावर एक पुस्तिकाही काढली.

जत्रेच्या नाटकापर्यंत ही चौकट अजून पोचलेली नाही. मागच्या खेपेला आमच्या गावच्या नाटकात बहिरा म्हातारा होताच, फक्त संहितेत त्याचं नाव ‘कर्णबधिर आजोबा’ असं छापलं होतं. विनोद तेच होते.