गोल्फ : वाढता सहभाग आणि अर्थकारण

गोल्फ खेळणारे किती, ते कोठे खेळतात आणि त्यातून किती पैसा फिरतो, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. जगात २०० हून अधिक देशांत आणि प्रदेशांत मिळून सुमारे ३८,००० गोल्फ मैदाने आहेत. त्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास एकट्या अमेरिकेत असल्याने या खेळाचा सर्वांत तपशीलवार हिशेब तिथलाच मिळतो.

लोकप्रियतेची पहिली लेखी खूण म्हणजे एक बंदी आहे. धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष होते म्हणून स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये फुटबॉलबरोबर गोल्फलाही मनाई केली. पुढे कित्येक पिढ्या हा खेळ महागच राहिला, आणि त्याचे मोठे कारण होता चेंडू. चामड्याच्या पिशवीत उकळलेली पिसे ठासून तो शिवत. निष्णात कारागिराच्या हातूनही दिवसाला मोजकेच चेंडू होत आणि पावसात भिजले की ते फाटत. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेला चेंडू आला. तो स्वस्त आणि टिकाऊ होता, मऊ करून पुन्हा गोल करता येत होता. सामान्य माणसाच्या हाती गोल्फ आला तो या चेंडूमुळे. या खेळाच्या प्रसाराचे श्रेय बहुधा विजेत्यांना दिले जाते, पण साधनांच्या किमतीचा वाटा त्याहून मोठा आहे.

विजेत्यांचा प्रभाव खोटा मात्र नाही. १९१३ मध्ये फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या हौशी खेळाडूने, एकेकाळच्या कॅडीने (खेळाडूची पिशवी वाहणाऱ्याने), यूएस ओपन जिंकली आणि अमेरिकेत गोल्फकडे लोक वळले. १९९७ मध्ये टायगर वुड्सने मास्टर्स ही मानाची स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. १९९८ मध्ये पाक से-री हिने यूएस विमेन्स ओपन जिंकल्यावर दक्षिण कोरियात मुलींची एक पिढीच या खेळात उतरली. स्त्रियांसाठी दारे मात्र फार उशिरा उघडली. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल क्लबने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते २०१२ मध्ये आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्याला मान्यता दिली २०१४ मध्ये. ११२ वर्षांच्या खंडानंतर २०१६ मध्ये गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतला.

अमेरिकेत २००३ मध्ये मैदानावर खेळणारे ३ कोटींच्या थोडे वर होते. नंतर ओहोटी लागली आणि २०१९ मध्ये ही संख्या २ कोटी ४३ लाखांवर आली. कोविडच्या साथीत मोकळ्या हवेत, अंतर राखून खेळता येणारा खेळ म्हणून लोक परत आले, आणि साथ सरल्यावरही टिकले. २०२४ मध्ये ते २ कोटी ८१ लाख झाले. मैदानाबाहेरचा गोल्फ धरला तर त्याच वर्षीचा आकडा ४ कोटी ७२ लाख होतो. मैदानाबाहेर म्हणजे ड्रायव्हिंग रेंज (फटक्यांच्या सरावाची जागा), पडद्यावरचा सिम्युलेटर आणि खाण्यापिण्याची सोय असलेली टॉपगोल्फसारखी केंद्रे. कोरियात सिम्युलेटरवरच्या खेळाला स्क्रीन गोल्फ म्हणतात. खेळाडू खोलीत उभा राहून खराच चेंडू मारतो, संवेदक त्याचा वेग, दिशा आणि फिरकी टिपतो आणि पुढचे उड्डाण पडद्यावर दिसते. वाढ समजून घ्यायची तर आता गवताइतकेच या खोल्यांकडे पाहावे लागते.

कारण गवतावर जागा मोजकी आहे. दर दहा मिनिटांनी चार जणांचा एक गट सुटला तर तासाला चोवीसच खेळाडू सुटतात. गटाला ठरवून दिलेली सुरुवातीची वेळ, म्हणजे 'टी टाइम', रिकामी गेली तर दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. खर्च मात्र खेळाडू येवोत न येवोत, रोजचाच आहे. पहाटे दव असतानाच ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत भागावरचे, गवत तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापले जाते. पायांनी होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याच्या, कडा झिजतात म्हणून कर्मचारी गोल धारेचे अवजार जमिनीत दाबून १०८ मिलिमीटर व्यासाचे नवे होल पाडतो, निघालेली मातीची वडी जुन्या होलमध्ये बसवतो, सांधा हाताने दाबून सपाट करतो आणि झेंडा नव्या जागी रोवतो. मैदानाचा पैसा मुख्यतः या मेहनतीत, पाण्यात आणि यंत्रांत जातो.

अमेरिकेतील गोल्फ उद्योगाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये त्याची थेट उलाढाल १०१.७ अब्ज डॉलर होती. २०१६ मध्ये ती ८४ अब्ज होती. ग्रीन फी (मैदानावर खेळण्याचे शुल्क), सदस्यत्व, साहित्य, पर्यटन, स्पर्धा आणि मैदानालगतची घरे हे सारे त्यात येते. अप्रत्यक्ष परिणाम मिळवून आकडा २२६.५ अब्ज डॉलर आणि साडेसोळा लाख रोजगारांपर्यंत नेला जातो. या दोन आकड्यांत थेट उलाढालीवर भिस्त ठेवावी. गोल्फ नसता तर त्यातला बराच पैसा दुसऱ्या एखाद्या करमणुकीवर खर्च झालाच असता, आणि मोठ्या आकड्यातून ही वजाबाकी होत नाही. एखाद्या गावाचा खरा फायदा दिसतो तो बाहेरून येणाऱ्या खेळाडूंमुळे. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानासाठी लोक समुद्र ओलांडून येतात, तिथे मुक्काम करतात, जेवतात. तो पैसा गावाला एरवी मिळाला नसता.

फुगवट्याचा अनुभवही या खेळाने घेतला आहे. जपानमध्ये १९८० च्या दशकात क्लबची सदस्यत्वे शेअरसारखी खरेदी-विक्रीला निघाली आणि नंतर त्यांच्या किमती कोसळल्या. अमेरिकेत घरे विकण्यासाठी त्यांच्याभोवती मैदाने आखली गेली, पुरेसे खेळाडू आहेत का हे न पाहता. २००६ पासून बरीच वर्षे तिथे नव्याने सुरू होणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारी जास्त होती. अठरा होलच्या मैदानाला साधारण पन्नास ते ऐंशी हेक्टर जमीन लागते. बंद पडलेल्यांपैकी काहींवर घरे उठली, काहींची उद्याने झाली. कोरड्या प्रदेशांत उरलेल्या मैदानांपुढे पाण्याचा प्रश्न आहे, म्हणून तिथे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरले जाते आणि ज्या भागात चेंडू क्वचितच पडतो तिथले हिरवे गवत काढून टाकले जाते.