मुदत संपलेल्या केंद्रीय अनुदानाचा हिशोब कसा बंद करावा : कोणाला लागू, कागदपत्रे आणि कार्यपद्धती

केंद्र सरकारच्या एखाद्या मंत्रालयाकडून मिळालेले अनुदान खर्ची पडले, काम पार पडले आणि मंजुरी आदेशातील मुदतही उलटली की आपली जबाबदारी संपली, असा अनेक संस्थाचालकांचा समज असतो. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम (जीएफआर), २०१७ तसे मानत नाहीत. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान मंजूर कामासाठीच वापरल्याचा दाखला, सादर होऊन त्याची छाननी होईपर्यंत आणि अखर्चित रक्कम व त्यावरील व्याज सरकारजमा होईपर्यंत ते अनुदान सरकारी दप्तरी प्रलंबितच राहते. अशा प्रलंबित अनुदानांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी मंजुरी देणाऱ्या कार्यालयावर असली, तरी त्या देखरेखीचा कच्चा माल संस्थेच्या कागदपत्रांतूनच येतो. म्हणून पुढील माहिती संस्थांचे पदाधिकारी आणि लेखापाल यांच्याबरोबरच मंत्रालयांत आणि त्यांच्या अधीनस्थ कार्यालयांत अनुदानाचे टेबल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही उपयोगी पडावी, अशा रीतीने मांडली आहे.

ही कार्यपद्धती कोणाला लागू होते

नोंदणीकृत संस्था, सार्वजनिक न्यास, स्वायत्त संस्था, विद्यापीठे, सहकारी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था अशा ज्या कोणाला केंद्राच्या निधीतून सहायक अनुदान मिळाले आहे, त्या सर्वांना अनुदानाच्या विनियोगाचा हिशोब द्यावा लागतो. संस्था व न्यास यांच्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना जीएफआर १२-ए हा आहे, तर राज्य सरकारांनी आपल्या शासकीय यंत्रणेमार्फत केलेल्या खर्चासाठी जीएफआर १२-सी हा नमुना वापरला जातो. राज्य शासनाच्या स्वतःच्या निधीतून मिळालेल्या अनुदानाला राज्याचे वित्तीय नियम आणि संबंधित शासन निर्णय लागू होतात. तिथे याच कागदाला बहुधा विनियोग प्रमाणपत्र म्हणतात. दोन्ही प्रकारची अनुदाने घेणाऱ्या संस्थांनी त्यांची खाती आणि नमुने एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

यात एक अपवाद आहे. संस्थेने खर्च आधी केला आणि लेखापरीक्षित हिशोबाच्या आधारे तो तिला नंतर प्रतिपूर्ती म्हणून मिळाला, तर वेगळे उपयोगिता प्रमाणपत्र लागत नाही. मात्र तसे मंजुरी आदेशात स्पष्ट नमूद असावे लागते. आदेशात तो उल्लेख राहून गेला असेल, तर पुढे कोणी विचारण्याची वाट न पाहता संस्थेने तो लेखी मागून घ्यावा.

मुदत कशी मोजावी

नियम २३८ नुसार अनावर्ती (एकदाच मिळणाऱ्या) अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र वित्तीय वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत सादर करावयाचे असते. म्हणजे एखादे अनावर्ती अनुदान ऑगस्ट २०२३ मध्ये संस्थेच्या खात्यात आले असेल, तर ते वित्तीय वर्ष ३१ मार्च २०२४ रोजी संपले आणि प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत राहिली. मंजुरी आदेशात याहून कमी मुदत दिलेली असल्यास ती पाळणे बंधनकारक ठरते. त्यामुळे आदेश हाती पडताच त्यातील प्रत्येक तारीख संस्थेच्या अनुदान नोंदवहीत उतरवून घेणे हे लेखापालाचे पहिले काम होय.

आवर्ती, म्हणजे वर्षानुवर्षे मिळणाऱ्या, अनुदानाची पद्धत वेगळी आहे. आधीच्या वर्षाचे तात्पुरते उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढील वर्षाची रक्कम सुटत नाही, आणि त्या पुढील वर्षाच्या मंजूर रकमेपैकी ७५ टक्क्यांच्या वरचा भाग मिळण्यासाठी आधीच्या वर्षाचे अंतिम प्रमाणपत्र व लेखापरीक्षित वार्षिक हिशोब समाधानकारकरीत्या सादर झालेले असावे लागतात. आवर्ती अनुदानावर ही तरतूद आपोआप वचक ठेवते, कारण संस्थेला पुढचा हप्ता हवा असतो. एकदाच मिळणाऱ्या अनावर्ती अनुदानात, किंवा योजनाच बंद झाल्यावर शेवटच्या हप्त्यात, हा वचक उरत नाही. माझ्या मते देखरेखीतील सर्वात मोठी फट हीच आहे, आणि म्हणून कार्यालयांनी प्रलंबित प्रकरणांची छाननी करताना अशा ‘पुढचा हप्ता नसलेल्या’ अनुदानांची यादी वेगळी काढून ती आधी हाती घ्यावी.

कोणती कागदपत्रे लागतात

मुख्य कागद म्हणजे जीएफआर १२-ए या नमुन्यातील प्रमाणपत्र. ते आवर्ती आणि अनावर्ती अनुदानासाठी स्वतंत्रपणे द्यावे लागते आणि त्यावर संस्थेच्या वित्त विभागाचे प्रमुख व संस्थाप्रमुख अशा दोघांच्या स्वाक्षऱ्या असतात. त्यासोबत सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले जमा-खर्च पत्रक, उत्पन्न-खर्च पत्रक व ताळेबंद, मंजुरी आदेशांच्या प्रती, अनुदान जमा झाल्याचे दर्शवणारा बँक खातेउतारा, बँक ताळमेळ पत्रक, अनुदानातून घेतलेल्या मालमत्तेची यादी, परत केलेल्या रकमेच्या पावत्या आणि कामाच्या प्रगतीचा अहवाल जोडावा. प्रत्येक योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत यात थोडीफार भर असते. काही ठिकाणी छायाचित्रे किंवा लाभार्थ्यांची यादी मागितली जाते. स्वयंसेवी संस्थांनी आपला एनजीओ दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ) क्रमांक आणि पीएफएमएस (केंद्राची सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली) वरील नोंदणीचा तपशील पत्रावर लिहावा, म्हणजे कार्यालयाला प्रकरण शोधणे सोपे जाते.

प्रमाणपत्रात केवळ रुपयांचा हिशोब पुरत नाही. ठरलेली उद्दिष्टे संख्येने व गुणवत्तेने गाठली गेली का, आणि नसतील तर का नाही, याचेही उत्तर नमुन्यातच मागितलेले असते. त्याच मंत्रालयाकडून किंवा इतर मंत्रालयांकडून मिळालेल्या अनुदानांतून संस्था आणखी कोणत्या योजना राबवते, याची माहितीही परिशिष्टात द्यावी लागते. एकच खर्च दोन अनुदानांत दाखवला जाण्याचा प्रकार याच परिशिष्टातून उघड होऊ शकतो, म्हणून कार्यालयाने ते कोरे स्वीकारू नये.

नमुना भरताना : एक उदाहरण

अनुदान अडकून पडते ते बहुतेकदा नमुन्यातील आकड्यांमुळे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. समजा, एका संस्थेला वर्षभरात ८,००,००० रुपये अनावर्ती अनुदान मिळाले, आधीची कोणतीही शिल्लक नव्हती, आणि त्या रकमेवर बचत खात्यात १४,२०० रुपये व्याज मिळाले. प्रत्यक्ष देयके चुकती होऊन ७,३५,००० रुपये खर्च झाले, तर एका पुरवठादाराला ६०,००० रुपये आगाऊ दिले, पण ३१ मार्चपर्यंत माल आला नाही. वर्षअखेरीस अनुदानाच्या बँक खात्यात १९,२०० रुपये दिसतात.

अशा वेळी आगाऊ रक्कम खर्चात धरून ७,९५,००० रुपये खर्च आणि ५,००० रुपये शिल्लक असे लिहिण्याचा मोह होतो. ते चूक आहे. नमुन्यात अनुदानाची स्थिती दाखवताना हातातील व बँकेतील रोकड आणि असमायोजित (हिशोबात अजून न मिटलेल्या) आगाऊ रकमा यांसाठी स्वतंत्र जागा दिलेली आहे. त्यानुसार खर्च ७,३५,००० रुपयेच दाखवावा आणि अनुदानाची ६५,००० रुपये शिल्लक दाखवताना त्यातील ६०,००० रुपये असमायोजित आगाऊ व ५,००० रुपये बँकेत, अशी फोड करावी. व्याजाचे १४,२०० रुपये मिळालेले व्याज म्हणून वेगळ्या रकान्यात येतात, आणि ते परत केले असल्यास त्याची नोंद शेजारच्या रकान्यात होते. ५,००० आणि १४,२०० मिळून बँकेतील १९,२०० रुपयांचा मेळ बसला, की तपासणाऱ्याच्या मनात प्रश्न उरत नाही.

खर्चाची विभागणी सर्वसाधारण खर्च, भांडवली मालमत्ता निर्मिती आणि वेतन अशा घटकांनुसार द्यावयाची असते. मंजुरी ज्या घटकाखाली झाली, त्याच घटकाखाली खर्च दाखवावा. मालमत्ता निर्मितीसाठी आलेली रक्कम वेतनावर वळवली असेल, तर एकूण बेरीज जुळली तरी तो अनुदानाच्या अटींचा भंगच ठरतो.

अखर्चित रक्कम आणि व्याज परत करणे

प्रतिपूर्तीखेरीज इतर अनुदानांवर किंवा आगाऊ रकमांवर मिळालेले व्याज आणि अन्य उत्पन्न हे संस्थेचे नसते. हिशोब अंतिम होताच ते भारताच्या संचित निधीत भरणे नियम २३० प्रमाणे बंधनकारक आहे. अखर्चित रक्कम मंजुरी आदेशातील सूचनेप्रमाणे परत करावी. भरणा ‘भारतकोश’ या संकेतस्थळावरून करता येतो; तिथे मंत्रालय, भरण्याचे प्रयोजन, वेतन व लेखा कार्यालय आणि आहरण व संवितरण अधिकारी यांची निवड करावी लागते. हे तपशील अंदाजाने निवडू नयेत. ते मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्यावेत, कारण चुकीच्या कार्यालयाच्या नावे गेलेली रक्कम सरकारी तिजोरीत पोहोचलेली असूनही आपल्या अनुदानासमोर जमा दिसत नाही आणि तिचा माग काढता काढता दोन्ही बाजूंचे महिने जातात. पावतीवर मंजुरी आदेशाचा क्रमांक व दिनांक येईल याची काळजी घ्यावी, तसेच मुद्दल आणि व्याज यांचा भरणा वेगवेगळा करावा.

मंजुरी आदेशातील मुदत संपल्यानंतर केलेला खर्च साधारणतः मान्य होत नाही. काम लांबणार असे दिसताच, मुदत संपण्याच्या आत, कारणांसह मुदतवाढीचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच आवक क्रमांकासह जपून ठेवावी. केवळ अर्ज दिला म्हणून मुदत वाढत नाही. लेखी मान्यता येईपर्यंत नवी देयके अनुदानातून चुकती करू नयेत.

अटींचा भंग झाल्यास काय होते, हेही पदाधिकाऱ्यांना ठाऊक असावे. निमसरकारी व तत्सम संस्था वगळता इतर संस्थांच्या कार्यकारी समितीचे सदस्य अनुदान घेताना संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारीचे बंधपत्र करून देतात, आणि अटी न पाळल्यास संपूर्ण रक्कम किंवा तिचा काही भाग द.सा.द.शे. १० टक्के व्याजासह परत मागितला जाऊ शकतो. प्रमाणपत्र मुदतीत न देणाऱ्या संस्थेला काळ्या यादीत टाकून पुढील कोणत्याही अनुदानापासून वंचित ठेवण्याचा अधिकारही मंत्रालयाला आहे.

कार्यालयाने काय करावे

मंजुरी देणाऱ्या प्राधिकाऱ्याने जीएफआर २१ या नमुन्यात अनुदानांची नोंदवही ठेवावयाची असते. ती बहुधा मंजुरीच्या तारखेनुसार भरली जाते, त्यामुळे कोणत्या अनुदानाची मुदत कधी संपते हे पान चाळून कळत नाही. नोंदवहीसोबत मुदत संपण्याच्या तारखेनुसार लावलेले एक साधे विवरणपत्र ठेवून त्याचा दर तिमाहीस आढावा घेतला, तर मुदतीपूर्वी आठवणपत्र, मुदतीनंतर पहिली नोटीस आणि मग वसुलीचा प्रस्ताव अशी पावले वेळेवर पडतील. पीएफएमएसवर संस्थेने नोंदवलेला खर्च आणि प्रमाणपत्रातील खर्च यांत तफावत असेल, तर प्रमाणपत्र स्वीकारण्याआधीच त्रुटी कळवावी.

छाननीस लागणारा वेळ हा यातील दुर्लक्षित भाग आहे. संस्थेने मुदतीत पाठवलेले प्रमाणपत्र कार्यालयात तपासणीविना पडून राहिले, तर दप्तरी ते प्रलंबित दिसते आणि प्रामाणिक संस्थाही थकबाकीदार ठरते. हे अन्यायाचे आहे. याच कारणास्तव महालेखापरीक्षकांची तपासणी केवळ संस्थेपुरती थांबत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षक अधिनियम, १९७१ च्या कलम १४ खाली, वर्षभरात किमान २५ लाख रुपये आणि संस्थेच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के इतके सरकारी साहाय्य मिळालेल्या संस्थेचे लेखे तपासले जातात. कलम १५ खाली मात्र, विशिष्ट प्रयोजनासाठी दिलेल्या अनुदानाच्या अटी पाळल्या गेल्या याची खात्री मंजुरी देणारा प्राधिकारी कोणत्या पद्धतीने करून घेतो, त्या पद्धतीचीच छाननी होते. म्हणजे प्रश्न कार्यालयालाही विचारला जातो.

सादर केल्यानंतर

प्रमाणपत्र टपालाने, हस्ते किंवा ई-मेलने दिले तरी त्याची पोच आवक क्रमांकासह घ्यावी, आणि काही आठवड्यांत उत्तर न आल्यास त्या क्रमांकाच्या संदर्भाने स्मरणपत्र पाठवावे. त्रुटी कळवली गेल्यास तेवढाच सुधारित तपशील मूळ प्रमाणपत्राच्या संदर्भासह द्यावा. नवीन तारखेचे स्वतंत्र प्रमाणपत्र पाठवल्यास एकाच अनुदानाची दोन प्रमाणपत्रे दप्तरी येतात आणि गोंधळ वाढतो. उदाहरणातील ६०,००० रुपयांसारखी आगाऊ रक्कम नंतर समायोजित झाली किंवा पुरवठादाराकडून परत आली, की त्याचे पूरक विवरण वेगळ्या पत्राने द्यावे.

सर्व पूर्ण झाल्यावर संस्थेने कार्यालयाकडे लेखी विनंती करावी, की प्रमाणपत्र स्वीकारले असून या अनुदानापोटी संस्थेकडून कोणतेही येणे नाही, असे पत्र मिळावे. प्रत्येक कार्यालय असे पत्र आपणहून देत नाही, म्हणून ते मागून घ्यावे. अनुदानातून पूर्णतः किंवा प्रामुख्याने घेतलेली यंत्रे, फर्निचर, वाहने यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत (टिकाऊ मालमत्तेच्या नोंदवहीत) अनुदानाच्या उल्लेखासह पुढेही चालू ठेवावी, कारण हिशोब बंद झाल्यानंतरही मंजुरी देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अशी मालमत्ता विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही किंवा मंजूर प्रयोजनाहून वेगळ्या कामासाठी वापरता येत नाही.