शाखा-पोला

बंगाली हिंदू विवाहितेचे सौभाग्यलेणे. शाखा ही शंखाची पांढरी बांगडी, तर पोला ही लाल पोवळ्याची. दोन्ही हातांत त्या घालतात. डाव्या मनगटात जोडीला ‘नोआ’ हे लोखंडाचे, बहुधा सोन्याने मढवलेले कडे असते. लग्नाच्या दिवशी पहाटेच्या विधीत नवरीला शाखा-पोला घालतात, नोआ मात्र सासरी गेल्यावर सासू घालते. मराठी लग्नातला हिरवा चुडा काही दिवसांनी उतरतो. शाखा-पोला जन्मभर हातात राहावेत अशी अपेक्षा असते.

शाखेसाठी लागतो तो टर्बिनेला पायरम जातीचा शंख, म्हणजे आपल्या देवघरातलाच. तो मुख्यतः मन्नारच्या आखातातून, तूतुकुडी-रामेश्वरच्या किनाऱ्यावरून आणि श्रीलंकेतून येतो. कच्चा माल दीड हजार किलोमीटरांहून दूर आणि कारागिरी मात्र बंगालची, हे या व्यवसायाचे वैशिष्ट्य. शंखाच्या बांगड्या मात्र फार जुन्या काळापासून आहेत; द्वारकेजवळच्या नागेश्वर येथे त्या घडवण्याचा हडप्पाकालीन कारखानाच उजेडात आला आहे.

हे काम शांखारी समाजाचे. जुन्या ढाक्यातील शांखारी बाजार आणि बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर ही त्याची नामांकित ठाणी. कारागीर जमिनीवर बसून शंख पायांनी घट्ट दाबून धरी आणि अर्धचंद्राकृती जड करवत दोन्ही हातांनी आडवी ओढून त्याची कडी कापी. मग कड्याची आतली बाजू घासून गुळगुळीत करायची आणि वर कानशीने वेलबुट्टी कोरायची. शंख ना वाकतो, ना ताणतो. त्यामुळे कडे मनगटाच्या मापाचेच हवे. शिवाने शांखाऱ्याचा वेश घेऊन रुसलेल्या पार्वतीच्या हातात शाखा भरल्याची कथा मध्ययुगीन बंगाली काव्यात आहे. कारागिराला मिळालेला इतका मोठा मान क्वचितच आढळतो.

मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याने शांखारी बाजारावर हल्ला करून माणसे मारली, घरे जाळली. अनेक कुटुंबे भारतात आली. आता हातकरवतीची जागा विजेच्या यंत्राने घेतली आहे. काम झपाट्याने होते, पण शंखाची बारीक भुकटी कारागिराच्या छातीत जाते. बाजारात स्वस्त प्लॅस्टिकच्या शाखाही मुबलक आहेत.

पतीच्या निधनानंतर शाखा फोडण्याची प्रथा क्रूरच म्हणावी लागेल. २०२० मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका निकालात शाखा-सिंदूर नाकारणे म्हणजे विवाह नाकारणे असा अर्थ लावला, तेव्हा त्यावर देशभर टीका झाली. नोकरी करणाऱ्या अनेक बंगाली स्त्रिया आज शाखा-पोला फक्त दुर्गापूजेला किंवा लग्नकार्यात घालतात.